आधी एको, कॉलेजचं नंतर

तुमच्या दीड पानी पत्रात मुलीचं वाक्य एकच आहे: ‘मला दापोलीला फॉरेस्ट्रीला जायचंय.’ बाकी सगळी तुमची काळजी. चार वर्षांची असताना तिचं व्हीएसडीचं ऑपरेशन झालं, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र बुजवलं. आता ती बारावीला आहे, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेऊन. दोन जिने चढली की धाप लागते, म्हणून बी.कॉम. आणि मग बँक, ‘एका जागी बसून काम’, असं तुम्ही ठरवून टाकलंत. मला विचारताय फक्त कॉलेज कोणतं.

शेवटचा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सातवीत काढला, हे तुम्ही तळाशी जाता जाता लिहिलंय. मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. पाच वर्षं कार्डिऑलॉजिस्टला दाखवलं नाही आणि तिला काय झेपेल याचा निकाल मात्र घरच्या घरी लावून मोकळे झालात! पीटीला दरवर्षी माफीचा अर्ज, सहली बंद, सायकलही विकली. इतकी वर्षं पळू न दिलेल्या पोरीला दोन जिन्यांत धाप लागली तर नवल काय? ऑपरेशन न झालेल्या पोरीलाही लागली असती.

एकदा हृदयाचं ऑपरेशन झालं की माणूस जन्मभराचा पेशंट, हा समज आधी डोक्यातून काढा. छिद्र नीट बुजलं असेल, फुप्फुसातला दाब आणि ठोके व्यवस्थित असतील, तर बहुतेक मुलं इतरांसारखीच खेळतात. धाप लागण्याची कारणं अनेक. कुठे थोडी गळती राहिलेली असू शकते, ठोक्यांची गडबड असू शकते. तसंच दमा, व्यायामाचा अभाव किंवा नुसती भीतीही असू शकते. आणि हिमोग्लोबिन! आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक किशोरवयीन मुलींना रक्तक्षय आहे. यातलं तिचं कारण कोणतं, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि तुम्हीही जिन्यावरून ठरवू नका. जन्मजात हृदयविकार पाहणाऱ्या डॉक्टरांकडे ऑपरेशनची जुनी फाईल घेऊन जा. टू-डी एको, ईसीजी, सीबीसी (रक्ताची तपासणी), आणि ते म्हणाले तर स्पायरोमेट्री (फुप्फुसांची तपासणी) व ट्रेडमिल टेस्ट. त्यांना एकच नेमकं विचारा: हिने किती व्यायाम करायचा? चक्कर, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं किंवा धडधड यातलं काही होत असेल तर आजच जा.

तुम्ही अपंगांच्या कोट्याबद्दल विचारलंत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत हृदयविकार नाही, त्यामुळे तो विषय संपला. पण त्याच पत्रात ‘लग्नाच्या वेळी अडचण नको म्हणून ऑपरेशनचं कुणाला सांगितलेलं नाही’ असंही आहे. सवलतीसाठी आजार दाखवायचा आणि स्थळासाठी झाकायचा? पुढे कुठल्याही मेडिकल फॉर्मवर तो लपवू नका. निवड होऊनही नोकरी जाऊ शकते.

बँकेतलं ‘एका जागी बसणं’ म्हणजे काय, हे पेन्शनच्या दिवशी काउंटरला असलेल्या कुणालाही विचारा. ऑफिसर झाली तर बदल्या आहेतच.

फॉरेस्ट्री म्हणजे खाकी वर्दी आणि डोंगर, हेही अर्धंच खरं. भारतीय वन सेवेत जायचं तर मुलींना चार तासांत १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं, तिथे तब्येतीचा प्रश्न येईल. पण रोपवाटिका, बियाणं, टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत रोपं वाढवणं), लाकूड तंत्रज्ञान, जीआयएस (संगणकावरचं नकाशाकाम) ही कामंही याच पदवीतून मिळतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे. शिक्षणात फील्डवर्क असतंच, तेव्हा ते किती आणि कसं, हे प्रवेशाआधी तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारा. तिला सोबत न्या आणि प्रश्न तिलाच विचारू द्या.

रिपोर्ट यायचेत म्हणून एमएचटी-सीईटीचा, म्हणजे फॉरेस्ट्रीच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या परीक्षेचा, फॉर्म मात्र अडवून ठेवू नका. तो या आठवड्यातच भरा, पीसीबी ग्रुपसाठी.