स्पीकर बदला, पण ती ‘एफडी’ आधी उघडून वाचा

आपल्या सोलापूरच्याच एका ट्रकमालकांचं पत्र आहे. वय ३४. घरी आई, बायको, ७ आणि ३ वर्षांची दोन मुलं. दोन वर्षांपूर्वी २८ लाखांचं कर्ज काढून दहाचाकी घेतली. व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षं, हप्ता ६१ हजार. मार्केट यार्डातून कांदा भरून विजापूर, होस्पेट, चित्रदुर्गमार्गे बेंगळुरू, येताना मिळेल तो माल. एक खेप स्वतः, एक खेप ड्रायव्हर. प्रश्न त्यांच्याच शब्दांत:

‘‘कंपनीचे स्पीकर म्हणजे डब्यात खडे हलवल्यासारखे वाजतात. दुकानदारानं ४२ हजारांचं कोटेशन दिलंय. घरच्या पैशाला हात लावायचा नाही, म्हणून बँकेत एफडी आहे तिच्यावर कर्ज काढावं म्हणतो. तिचे दोन हप्ते भरलेत, तिसरा १८ तारखेला आहे. काढू का नको, सांगा की ओ.’’

एफडीला हप्ते नसतात हो. हे वाक्य वाचलं आणि स्पीकर बाजूला ठेवून तुम्हाला त्या कागदाचा फोटो मागितला. आरसी, पीयूसीच्या प्लास्टिक पाकिटातच तो घडी घालून ठेवलेला, कोपऱ्याला ग्रीसचा अंगठा. पहिल्याच पानावर लिहिलंय: वार्षिक हप्ता ७२,०००, हप्ते १५ वर्षं, विमा रक्कम ७,२०,०००. ही एंडोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे बचत आणि विमा एकत्र बांधलेला. ट्रकचं कर्ज मंजूर होत होतं त्याच दिवशी, त्याच टेबलावर, सह्यांच्या गठ्ठ्यात ही सही घेतली गेली. ‘‘साहेब म्हणाले, एफडी केली की फाईल लवकर सरकते,’’ असं तुम्ही फोनवर सांगितलंत. कर्ज हवं तर आमच्याकडूनच विमा घ्या, अशी सक्ती कोणत्याही बँकेला करता येत नाही. तरी रोज होते, कारण फाईल अडलेला माणूस वाद घालत नाही हे टेबलापलीकडच्याला पक्कं ठाऊक असतं.

आता हिशेब. १५ वर्षांत तुम्ही भरणार १० लाख ८० हजार. मिळणार, त्यांच्याच कागदावरच्या आकड्याप्रमाणे, साधारण १६ लाख. म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांच्या आतबाहेर. ट्रकच्या कर्जावर तुम्ही ११ टक्के मोजताय. अकरानं घ्यायचं आणि पाचानं ठेवायचं, हा धंदा तुम्ही कांद्यात एक दिवस तरी कराल का? आणि ‘‘सोळा लाखांत पोराचं इंजिनिअरिंग होईल’’ हे डोक्यातून काढा. महागाई सहा टक्के धरली तर तेरा वर्षांनंतरचे १६ लाख म्हणजे आजचे साडेसात.

मला जास्त डाचतंय ते दुसरंच. कर्जाचे अजून साडेअठरा लाख बाकी आहेत. रात्री दोनला चित्रदुर्गच्या पुढे तुम्ही स्वतः स्टिअरिंगवर असता. तुमचं काही बरंवाईट झालं तर घरी येणार ७ लाख २० हजार. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो तुमच्या पॉलिसीत आहे आणि लायसन्स चालू आहे एवढं बघून घ्या. पण तो फक्त अपघाताचा. छातीत कळ आली तर त्यातून रुपया नाही. मग फायनान्सवाले गाडी नेणार आणि वहिनींच्या हातात त्या ‘एफडी’चे सात लाख. (ड्रायव्हरच्या जोखमीचं कलमही त्या पॉलिसीत आहे का पाहा. हप्ता किरकोळ असतो, नसेल तर घालून घ्या.)

तुम्हाला साधा टर्म विमा हवा, म्हणजे बचत नाही, माणूस गेला तरच घरच्यांना रक्कम. किती, ते तुमच्या आयकर रिटर्नमधल्या उत्पन्नावर अवलंबून. ट्रकवाल्यांना रिटर्नमध्ये खऱ्या कमाईऐवजी ठरावीक अनुमानित उत्पन्न दाखवायची सोय आहे, तीत जड गाडीला टनामागे महिना १,००० रुपये धरतात. तुमची २८ टनांची, म्हणजे वर्षाला ३ लाख ३६ हजार. तेवढ्या उत्पन्नावर कंपन्या एक कोटी सहसा देत नाहीत. ६० लाखांपर्यंत प्रयत्न करा. वयाच्या साठीपर्यंतचा हप्ता ढोबळमानानं वर्षाला १० ते १५ हजार पडेल. मावा, तंबाखू, जे काही असेल ते फॉर्मवर लिहा. हप्ता वाढेल, वाढू दे. लपवलंत तर पुढे क्लेमच्या वेळी त्याच ओळीवर बोट ठेवतील.

जुन्या पॉलिसीचं काय? भरलेत १ लाख ४४ हजार आणि आज बंद केली (सरेंडर) तर कंपनी ५५ हजार देते म्हणते. ८९ हजार गेले. पोटात खड्डा पडतो, मान्य. पण पुढचं बघा. आजपासून उरलेले तेरा हप्ते भरले, तर त्या पैशावर आणि या ५५ हजारांवर मिळून परतावा पडतो सव्वासहा टक्के. नुसती पेडअप करून ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच राहू दिली, तर तेरा वर्षांनी साधारण ९६ हजार, म्हणजे साडेचार टक्केसुद्धा नाही. दोन्ही ११ टक्क्यांच्या कर्जापुढे हरतात. तेव्हा टर्म पॉलिसीचा कागद हातात पडला की ही सरेंडर. कागद आधी, सरेंडर नंतर. हा क्रम उलटा करू नका.

फसवून विकल्याची लेखी तक्रार मात्र आजच विमा कंपनीकडे करा. महिन्यात दाद नाही मिळाली तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं, फी लागत नाही. पूर्ण पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. कंपनीकडे तुमच्या ‘हो सर, हो सर’चं रेकॉर्डिंग असणार. ज्या फोनवर पॉलिसी समजली का विचारतात, तो तुम्ही टोलनाक्यावर गाडी चालू ठेवून घेतला होता, हे तुम्हीच सांगितलंत.

वाचलेल्या ७२ हजारांतून टर्मचे १५ गेले, उरले ५७. पहिलं वर्ष ते टायरसाठी वेगळ्या खात्यात. दहा चाकं आहेत, एका टायरला वीस हजारांच्या वर जातात आणि टायर कधी एकटा फुटत नाही. दुसऱ्या वर्षापासून कर्जात भरा. मुदतीआधी भरण्याचा आकार किती, ते करारनाम्यात बघून मगच. आरोग्य विम्याचं पत्रात नावच नाही, त्यावर वेगळं बोलू.

आता तुमचे स्पीकर. पॉलिसीवर कर्ज मिळेल, सरेंडर किमतीच्या ८० टक्के धरले तर ४४ हजार. कोटेशन ४२ चं. इतकं नेमकं बसतंय म्हणूनच नको म्हणतो. डिझेल, टोल, पगार जाऊन तुम्हाला महिन्याला ९५ हजार उरतात. ६१ हप्त्यात, ६ या पॉलिसीत. घराला २८. स्पीकरला ४२ म्हणजे घराचा दीड महिना.

आणि कोटेशनमध्ये खोट आहे. तुमची गाडी २४ व्होल्टची, ते सगळं सामान कारचं, १२ व्होल्टचं. मग कन्व्हर्टर लागतो आणि अ‍ॅम्प्लिफायर जोरात वाजला की स्वस्तातला कन्व्हर्टर तापतो. काही फिटर तर दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढतात. ती बॅटरी कायम अर्धपोटी, दुसरी जास्त चार्ज होत राहणार, आणि थोड्याच दिवसांत जोडी बदला. ‘१२०० वॅट’ हा क्षणभराचा आकडा असतो. विचारायचं ते आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, मग दुकानदार जरा गप्प होतो. शिवाय बाहेरून बसवलेलं सामान विम्यात जाहीर केलं नाही तर चोरीत किंवा आगीत त्याचे पैसे नाहीत. जाहीर केलं तर किमतीच्या सुमारे ४ टक्के जादा, म्हणजे दरवर्षी १,७०० रुपये.

खडखड बहुतेक कागदी कोनची आणि दाराच्या पत्र्याची आहे. डेक तोच ठेवा. तो २४ व्होल्टवरच चालतो, म्हणून कन्व्हर्टरचा प्रश्न मिटतो. जुन्यांच्या तेवढ्याच ओहमचे (विजेच्या रोधाचं माप) चांगले स्पीकर, पत्र्याला आतून थरथर दाबणारी डँपिंग शीट, मजुरी धरून आठ हजार. मूळ वायरिंग कापू देऊ नका, कपलर (जोडणीचा प्लग) लावून घ्या. वॉरंटी शिल्लक असेल तर तेवढ्या कारणावरून इलेक्ट्रिकचा क्लेम नाकारतात. सबवूफर नको. सीटमागची जागा झोपायची आहे आणि मागून येणाऱ्याचा हॉर्न तुम्हाला ऐकू आला पाहिजे.

हे आठ हजार पुढच्या दोन खेपांतून बाजूला काढा, कर्ज नको. त्याआधी बँकेत जाऊन पॉलिसीचं ऑटो डेबिट बंद करायचा अर्ज द्या आणि पोच घ्या. १८ तारखेला तुम्ही होस्पेटला असाल, पैसे मात्र सोलापुरातून कापले जातील.