इंग्लंडमध्ये मुलाच्या ईएचसी असेसमेंटला (शिक्षण, आरोग्य आणि देखभालीच्या गरजांची तपासणी) काउन्सिलने नकार दिलाय. शाळा आणि काउन्सिल सोडून कुणाचा सल्ला घ्यावा?

आधी तुमच्या भागातल्या सेन्डिआसला (विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांच्या पालकांसाठीची स्थानिक सल्ला सेवा) फोन करा, आणि कायद्याच्या मुद्द्यांसाठी इप्सिया या संस्थेकडे जा. दोन्हीकडे सल्ला मोफत मिळतो. 2014 च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज अ‍ॅक्टनुसार पालकांना निःपक्षपाती माहिती आणि सल्ला मिळण्याची सोय करणं प्रत्येक काउन्सिलला बंधनकारक आहे, त्यातूनच सेन्डिआस चालतं. म्हणजे पैसा काउन्सिलचाच (ही गोम लक्षात ठेवा). शाळेसोबतच्या मीटिंगला सोबत येणं, पत्राचा मसुदा बघून देणं, यात ही मंडळी खूप उपयोगी पडतात. पण अपीलच करायचं असेल तर इप्सियाचं मतही घ्याच. नकाराच्या पत्रात ‘मूल फार मागे नाही’ छापाचं कारण असेल तर घाबरू नका. कायद्याची कसोटी एवढीच: मुलाला विशेष शैक्षणिक गरज आहे किंवा असू शकते का, आणि त्यासाठी ईएचसी प्लॅनची (मुलाला द्यायच्या मदतीचा कायदेशीर आराखडा) गरज पडू शकेल का. पत्रावरची तारीख मात्र आजच बघा, कारण अपीलची मुदत तिथून दोन महिने, किंवा मीडिएशन सर्टिफिकेट (काउन्सिलसोबतच्या मध्यस्थीबाबतचा दाखला) मिळाल्यापासून एक महिना, यातली जी नंतर संपेल ती. अपील ज्या ट्रायब्युनलकडे (न्यायाधिकरण) जातं, तिथे फी नाही. हे सगळं फक्त इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कायदा वेगळा आहे.