गाडी कोण चालवत होतं?

मावशी,
माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. कॉलेजच्या कबड्डी संघाचा कप्तान, चढाईपटू. गेल्या शनिवारी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली म्हणून पोरांनी रात्री ढाब्यावर पार्टी केली. येताना बुलेट हा चालवत होता, प्यायलेला होता. मागे संघातलाच अठरा वर्षांचा एक मुलगा. वळणावर गाडी घसरली. माझ्या मुलाला खरचटण्यावर भागलं, त्या मुलाच्या पायाचं हाड मोडलं आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. पोलीस उशिरा आले, याची दारूची तपासणी झालीच नाही. तो मुलगा जत तालुक्यातला, वसतिगृहात राहतो, आईवडील ऊसतोडीला गेलेत. ऑपरेशनमुळे त्याचा जबाब अजून व्हायचाय. ह्यांचं आणि माझ्या भावाचं ठरलंय की गाडी आपणच चालवत होतो असं त्याने सांगायचं, दवाखान्याचा सगळा खर्च आपण करायचा. सरही म्हणतात, पोराचं पोलीस भरतीचं वर्ष आहे, मिटवून घ्या. मुलगा म्हणतो, "आई, टेन्शन घेऊ नको, काही होत नाही." अपघातापेक्षा मला या वाक्याची भीती वाटली. पण केस झाली तर त्याचं आयुष्य जाईल. मी काय करू?
– एक आई, सांगली जिल्हा

ताई,

पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला एक ओळ पाठवली होती: जबाब खरा होऊ द्या. बाकीचं आता सविस्तर लिहिते, कारण असं पत्र लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

तुमच्या पत्रात मी एकाच जागी अडखळले. 'त्याने सांगायचं.' पाय त्याचा मोडला, खेळ त्याचा थांबला, आणि गुन्हाही त्यानेच अंगावर घ्यायचा. रागावू नका, पण हा सौदा आहे, आणि समोरचा गिऱ्हाईक सलाइन लावून पडलाय.

आधी व्यवहाराचं बोलते, कारण आपण व्यवहार बघतोय असं तुमच्या घरातल्या पुरुषमंडळींना वाटतंय. मागे बसलेला माणूस जखमी झाला तर त्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. कागदावर चालक तोच निघाला, तर स्वतःच्याच चुकीची भरपाई तो कोणाकडे मागणार? म्हणजे आजचं बिल भरून तुम्ही त्याचा उद्याचा हक्क काढून घेताय. त्याच्याकडे लायसन्स तरी आहे का, हे कोणी विचारलंय? नसेल तर त्याच्या डोक्यावर आणखी एक कलम. आणि गुन्हेगाराला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेत कलम 238 खाली वेगळा गुन्हा आहे. त्यात तुमचे यजमान येतील, भाऊ येईल, आणि बहुधा सरही.

19 मे 2024 आठवतं का? पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. चालवणारा 17 वर्षांचा. 300 शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर त्याला जामीन मिळाला आणि सगळीकडे संताप उसळला. पण घर बुडालं ते पुढच्या दिवसांत. घरच्या ड्रायव्हरवर 'गाडी मी चालवत होतो' असं सांगायला दबाव आणल्याचा आरोप झाला, रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, आणि आईवडील, आजोबा, ससूनचे डॉक्टर एकामागोमाग अटकेत गेले. तेव्हा तुमच्या घरीही टीव्हीसमोर कोणीतरी 'काय हे आईबाप' म्हणालं असेल. आमच्याकडे तर मीच म्हणाले होते.

आता भरतीचं. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे आणि तुमची सगळी भिस्त त्यावर असणार, हे मला कळतं. निवड झाली की चारित्र्य पडताळणी होते, साक्षांकन नमुना भरावा लागतो, त्यात गुन्ह्यांची माहिती विचारतात. 2016 साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की ही माहिती खरीच हवी. खरी दिली तर गुन्ह्याचं स्वरूप बघून खातं निर्णय घेऊ शकतं, दडवली तर नेमणूक रद्द होऊ शकते. केस झाल्यावर वाट सोपी राहील असं खोटं मी सांगणार नाही. हे वर्ष जाईल कदाचित. पण दुसरं चित्रही बघा. अंगावर वर्दी आहे, आणि जतचा एक मुलगा लंगडत कुठेतरी फिरतोय, ज्याला खरं काय ते ठाऊक आहे. तो कधी बोलेल या धास्तीत तुमचा पोलीस पोरगा किती वर्षं काढणार?

तपासणी झाली नाही म्हणून सुटलो, असंही समजू नका. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं, पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो पुरावा गेला असेल. पण बेदरकारपणाने कोणाला गंभीर दुखापत करण्याचं कलम रक्ताच्या नमुन्यावर अडून राहत नाही. त्यात 3 वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. तडजोडीची वाटही कायद्यात असते, पण ती वकिलामार्फत आणि न्यायालयासमोर. दवाखान्यात कॉटवर सही घेऊन होते ती तडजोड नव्हे.

'काही होत नाही' या वाक्याला तुम्ही घाबरलात, ते बरोबरच आहे. पण ते त्याने स्वतः घडवलेलं नाही. मी बरीच वर्षं कॉलेजात शिकवलं, काही वर्षं वसतिगृहाची रेक्टर होते. हजेरी कमी पडली, सरांनी भागवली. जर्नल अपुरं, कोणीतरी पूर्ण करून दिलं. वसतिगृहाची काच फुटली, 'मॅच होती हो मॅडम, पोरं तापलेली असतात'. पदक आणणाऱ्या पोराला कोण दुखावणार? मीही नाही दुखावलं, सह्या केल्यात मी. वीस वर्षांच्या मुलाला महाराष्ट्रात बिअरसुद्धा कायद्याने चालत नाही, आणि ढाब्यावर कप्तानाला कोणी वय विचारत नाही. एवढं सगळं बघितल्यावर 'काही होत नाही' हा त्याचा अनुभव आहे, ताई. उर्मटपणा त्यामानाने थोडा असेल.

खेळाडूंमध्ये आणखी एक समजूत पक्की असते: अंगात रग आहे, आपल्याला चढत नाही. आंघोळ केली, काळा चहा घेतला, मैदानाला दोन चकरा मारल्या की उतरली. यकृत आपल्याच गतीने काम करतं, त्याला चकरा समजत नाहीत. चढाईपटूचं कसब असतं कशात? कोपरारक्षक घोटा धरायला झुकतोय हे दिसणं आणि पाय मागे घेणं, यांच्या मधल्या क्षणात. दारू आधी नेते तो हाच क्षण. वळणावर त्याला तो मिळाला नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने जानेवारी 2023 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. 15 जानेवारीच्या पहाटे, विजयाच्या मिरवणुकीनंतर काही तासांत, संघाचा एक खेळाडू आणि संघाच्या कर्मचाऱ्यांपैकी एक तरुणी अपघातात गेली. गाडी ती चालवत होती, रक्तात तिथल्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त दारू, वेग ताशी 160 किलोमीटरच्या पुढे, आणि शेजारून शर्यत लावत संघाच्याच दुसऱ्या खेळाडूची गाडी. त्याला किरकोळ शिक्षा झाली आणि त्याच वर्षी व्यावसायिक संघाने पहिल्या फेरीत निवडलं. मला खरा धक्का याच्या पुढचा बसला. त्या दोन मृत्यूंनंतरही त्याच संघातली मुलं भन्नाट वेगासाठी पकडली जात राहिली. सोबती गेला तरी धडा पोचला नाही. तेव्हा अपघाताने पोरगा आपोआप शहाणा होईल, यावर विसंबू नका.

मग काय करायचं? आज रात्री यजमान आणि भाऊ नसताना मुलाला समोर बसवा. ओरडू नका, रडूही नका. त्या रात्रीचं पहिल्या ग्लासापासून सगळं त्याला सांगू द्या, मध्ये बोलू नका. मग एवढंच विचारा: मॅटवर बोट बाहेर गेलं आणि पंचाने हात वर केला की तू मुकाट बाहेर जाऊन बसतोस ना? तिथे कोणाला सांगतोस का, माझ्याऐवजी तू बाद हो म्हणून?

उद्या त्याला घेऊन दवाखान्यात जा. माफीचं मोठं नाटक नको. 'गाडी मी चालवत होतो, हे मीच पोलिसांना सांगणार आहे, तू घाबरू नको' एवढं वाक्य त्याने त्या मुलाच्या डोळ्यांत बघून म्हणावं. मग वकील सोबत घेऊन पोलीस ठाणं. कप्तानपद त्याने स्वतःहून सोडावं, सरांनी काढायची वाट बघू नये. खर्च तुम्ही करायचाच आहे, तो कोणत्याही कागदावर सही न घेता. लिगामेंटच्या ऑपरेशननंतर मैदानावर परतायला नऊ-दहा महिने सहज लागतात. तेवढे दिवस फिजिओथेरपीला त्याला नेण्या-आणण्याचं काम तुमच्या मुलाचं. बसने किंवा रिक्षाने. बुलेटची चावी तुमच्या कपाटात.

यजमान चिडतील. 'पोराच्या जिवावर उठलीस' असंही म्हणतील. त्यांच्याशी कायद्यावर वाद घालत बसू नका, वकिलाला घरी बोलावून कलम 238 त्यांच्यासमोर वाचायला सांगा. भाऊ तेवढ्याने गप्प होईल असा माझा अंदाज आहे. यजमानांना जरा वेळ लागेल.

आणि एक. तुमच्या पत्रात सर आहेत, मामा आहेत, भरती आहे. त्या मुलाची आई एका ओळीपुरती आहे, 'ऊसतोडीला'. तिला कोणी कळवलंय का? फडावर रेंज नसते, मुकादमाचा नंबर शोधावा लागेल, वसतिगृहाच्या रजिस्टरमध्ये तो असतो. हा फोन मुलाकडून नको, सरांकडून तर नकोच. तुम्ही करा. लागला की मला कळवा.