अजून लेकरू हवंय म्हणतोस, तर...

बाळा, लेकरं परमेश्वराकडूनचं धन, हे बायबलमधलं स्तोत्र १२७ सांगतं आणि मी ते मनापासून मानतो. पण १ तीमथ्य ५:८ पण वाच. घरच्यांची तरतूद न करणाऱ्यानं विश्वासच नाकारला, असं तिथं स्पष्ट आहे. मिरजेतली चर्चची मंडळी मदत करेल, या भरवशावर कुटुंब वाढवू नकोस.

आधी सूनबाईला विचार. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्याआधी किमान दोन वर्षं तरी जाऊ दे. आणि थोरलीच्या कडेवर धाकटं देऊन तिची शाळा बुडवायची नाही, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. अंघोळी, अभ्यास, रात्रीची जागरणं तू कर.

आपल्या महाराष्ट्रात तिसऱ्या अपत्यानंतर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचं खातंही सहसा दोनच मुलींचं निघतं.