घर बांधताना आरसीसी कन्सल्टंट वेगळा लागतो का, आणि आर्किटेक्ट तो कसा निवडतात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सोलापूरजवळ काळ्या मातीच्या प्लॉटवर दुमजली घर बांधायचंय. आर्किटेक्टने माती तपासणी आणि आरसीसी कन्सल्टंट (म्हणजे पाया, कॉलम, बीम, स्लॅब आणि त्यातल्या सळईचं डिझाइन करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर) वेगळे सांगितलेत. ठेकेदार म्हणतो, 'कशाला उगाच खर्च, सळईचं मी बघतो.' तुमचे मेहुणे सिव्हिल इंजिनिअर आहेत, ते फुकट डिझाइन करून द्यायला तयार आहेत. आणि आर्किटेक्ट स्वतःच्याच ओळखीचं नाव का पुढे करतोय, ही शंका आहे. मी स्वतः आर्किटेक्ट आहे, तेव्हा आमच्या बाजूने हे कसं चालतं ते सांगतो.

माती तपासणी कराच, यात दुसरं मत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया त्या थरात राहिला तर दोन-चार वर्षांत भिंतींना तिरक्या भेगा पडतात आणि त्या कितीही बुजवल्या तरी परत येतात. मुरूम किती फुटांवर लागतो हे शेजारच्या विहिरीवरून कुणीही सांगेल, पण त्या थराची भारवहन क्षमता किती आणि वरची माती किती फुगते हे लॅबच्या अहवालातच कळतं. साधं फुटिंग (कॉलमखालचा रुंद पाया) मुरमापर्यंत न्यायचं की अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगीर टोक असलेले जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, करायचे, हे त्यावर ठरतं. असे पाइल रुरकीच्या सीबीआरआय या सरकारी बांधकाम संशोधन संस्थेने अशाच फुगणाऱ्या मातीसाठी विकसित केलेत.

आता कन्सल्टंट. हो, आम्ही बहुतेक वेळा ओळखीचाच माणूस सुचवतो, कारण त्याच्याबरोबर वर्षभर रोज काम करायचं असतं. मी फी सगळ्यात शेवटी बघतो. पहिली गोष्ट म्हणजे नकाशा कच्चा असताना तो माझ्याबरोबर बसतो का. परवानगीचा नकाशा पक्का करून मग त्यात कॉलम बसवायला सांगितले की हॉलच्या मधोमध कॉलम येतो किंवा बीम खिडकीवर उतरतो. दुसरी गोष्ट, तो मला 'हे होणार नाही' असं तोंडावर सांगतो का. प्रत्येक गोष्टीला हो म्हणणारा इंजिनिअर मी दुसऱ्यांदा घेत नाही.

तिसरी गोष्ट साइटवर दिसते. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी चांगला कन्सल्टंट सळया मोजून थांबत नाही, कॉलम-बीमच्या जोडाशी वाकून रिंगा (उभ्या-आडव्या सळयांना वेढणारी बारीक सळईची कडी) बघतो. भूकंपाचा विचार करून सळयांची मांडणी (डिटेलिंग) कशी करायची ते आयएस 13920 या भारतीय मानकात दिलंय. रिंगेची टोकं 135 अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळलेली हवीत आणि जोडाजवळ रिंगा जवळजवळ हव्यात. फिटर घाईत टोकं 90 अंशांतच वळवतो. हादरा बसला की वरचं काँक्रीट सुटतं आणि अशी रिंग उघडते. 1993 चा किल्लारीचा भूकंप तुमच्या भागाने अनुभवलाय, त्यामुळे याचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको.

प्लंबिंगची लाइनही तेव्हाच बघायची. संडासाचा 110 मिलीमीटरचा पाइप उताराने शाफ्टपर्यंत, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीपर्यंत, न्यायचा असतो. वाटेत बीम आला आणि पाइपसाठी बीममध्ये आधीच भोक (स्लीव्ह) सोडलं नसेल, तर प्लंबर नंतर मशीनने काँक्रीटला भोक पाडतो (कोअर कटिंग) आणि कधीकधी त्यात सळईच कापली जाते. इतक्या घराला वेगळा प्लंबिंग कन्सल्टंट लागत नाही. आर्किटेक्टने प्लंबिंग आणि बीमचं ड्रॉइंग एकावर एक ठेवून तपासलं की झालं. ते त्याचंच काम आहे, त्याच्याकडून हक्काने करून घ्या.

आर्किटेक्ट आणि इंजिनिअरचं जुळलं की काय होतं, यासाठी दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन बघा. 1972 ची इमारत, आर्किटेक्ट राज रेवाल, स्ट्रक्चरल इंजिनिअर महेंद्र राज. तिचा काँक्रीटचा सांगाडा हेच तिचं रूप होतं, कुणाचं काम कुठे संपलं ते सांगता येत नसे. 2017 मध्ये ती पाडली, याचं मला आजही मनापासून वाईट वाटतं. घर लहान असलं तरी दोघांचं जुळणं तितकंच लागतं.

ओळखीचं नाव सुचवून आर्किटेक्ट कमिशन घेतो का म्हणाल, तर काही ठिकाणी ते चालतं. उपाय सोपा आहे. कन्सल्टंटचं पत्र थेट तुमच्या नावाने घ्या आणि पैसे तुम्हीच त्याला द्या. साइटला तो कोणकोणत्या टप्प्यांवर येणार (पाया, प्लिंथ म्हणजे जोतं, प्रत्येक स्लॅब) ते पत्रात लिहून घ्या. फीचा शेवटचा हप्ता वरच्या स्लॅबची तपासणी होईपर्यंत देऊ नका.

ठेकेदाराला सळई ठरवू देऊ नका. सळईचे पैसे आणि सळईचा निर्णय एकाच माणसाकडे नसावा.

मेहुण्यांबद्दल: ते स्ट्रक्चरल डिझाइन नेहमी करत असतील, परवानगीच्या कागदांवर स्वतः सही करणार असतील आणि प्रत्येक स्लॅबच्या आधी साइटवर येणार असतील, तर काम जरूर त्यांना द्या, आणि फीही द्या. ते रस्त्यांच्या किंवा बिलिंगच्या कामात असतील तर त्यांना माती तपासणीचा अहवाल वाचायला आणि ठेकेदाराची बिलं तपासायला सांगा. त्यात त्यांची खरी मदत होईल.