फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या धुवायच्या मशीनचा फवारा मंदावलाय. पंप बदलावा का? मशीनची देखभाल कशी ठेवायची?

पंप बदलायची घाई करू नका. तुम्ही लिहिलंय की तुमचं मशीन सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत आहे, पाणी बोअरचं आहे आणि मेकॅनिक नवा पंप घ्या म्हणतोय. एवढं वाचून माझा पहिला संशय टाकीतल्या पाण्यावर जातो. ही मशीनं तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा फिरवतात. पाणी बिघडलं की मागोमाग नोझल, सील, पंप सगळंच बिघडतं.

आधी पंपाच्या लगेच पुढचा प्रेशर गेज बघा. प्रेशर नेहमीपेक्षा जास्त आणि फवारा कमी, म्हणजे पुढे फिल्टर किंवा नोझल तुंबलेत. प्रेशरच कमी असेल तर टाकीची पातळी बघा, सक्शनची, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या तोंडाची, जाळी साफ करा. विहिरीवरच्या मोटरचा फुटव्हॉल्व्ह चोंदला की जे होतं, तेच इथं होतं. एवढं करूनही प्रेशर आलं नाही, तरच पंप उघडा.

आता नोझल. बॅटरीवर सांडलेलं सल्फ्युरिक ॲसिड मारायला आपण सोडा टाकतो. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम सोड्याबरोबर पांढरा थर धरतं आणि ॲसिडमधल्या सल्फेटबरोबर जिप्सम. पांढरा थर लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात सुटतो. जिप्सम त्याला दाद देत नाही, ते प्लास्टिकच्या काडीनं काढावं लागतं. तार घालू नका, भोक मोठं झालं की नोझल वाया. खरा उपाय म्हणजे टाकीत सॉफ्टनरचं, म्हणजे जडपणा काढलेलं, पाणी भरणं. नोझलच्या खर्चापुढे सॉफ्टनर महाग वाटत नाही, असं माझं मत.

पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, मात्र रोज बघा, कागदी पट्टी पुरते. ८ ते ९ च्या दरम्यान ठेवा. पाणी आम्लधर्मी झालं की स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात आणि बॅटरीतलं शिसं पाण्यात जास्त उतरतं. पण पीएच फार चढला तरी शिसं परत विरघळतं, तेव्हा स्वस्त पडतो म्हणून कॉस्टिक सोडा ओतायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

तळाच्या गाळात शिसं असतं. तो ओला असतानाच काढा, वाळवून झाडू नका. ती धूळ पोटात जाते. हातमोजे, ॲप्रन घरी धुवायला नेऊ देऊ नका. गाळ बंद पिंपात भरून घातक कचरा म्हणूनच द्यायचा, त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. टाकीतलं पाणीही गटारात नाही. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, नुसता सोडा टाकून तिथवर पोचाल या भरवशावर राहू नका. आपल्याकडचं सगळं शेवटी कृष्णेलाच मिळतं.

आणि बॅटरी मशीनमध्ये घालताना चार्जर काढलेला असू द्या, चार्जिंगनंतर गॅस निघून जायला वेळ द्या आणि प्रत्येक सेलचं बूच घट्ट आहे का हातानं बघा. सोड्याचं पाणी आत गेलं तर धुतलेला सेल बाद.