‘बाळंतपण झालं की बीपी उतरतं, मग संशोधन कशाचं?’

प्रश्न : मुलगी बीएस्सी नर्सिंग आहे, ६८ टक्के. दोन वर्षं तालुक्याच्या प्रसूतिगृहात नोकरी करते. नॉरसेट, म्हणजे एम्सची नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा, तीनदा दिली, पण मन लावत नाही. आता म्हणते, गरोदरपणातल्या बीपीवरच्या संशोधन प्रकल्पात काम करायचं आणि पुढे एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी). बाळंतपण झालं की बीपी उतरतं, गोळ्याही आहेत. संशोधन कशाचं, आणि तेही नर्सने? तिच्या आईला धाकट्याच्या वेळी बीपी निघाला, गोळी अजून चालू आहे, त्यामुळेच हे खूळ असावं. यंदा पोस्ट मिळाली नाही तर लग्न, असं आम्ही ठरवलंय. तिला समजवा. – एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर : नमस्कार. मुलीच्या टक्क्यांची मला काळजी वाटत नाही, तुमच्या ‘आम्ही ठरवलंय’ची वाटते. दिवस-रात्र पाळ्या करून ती तीनदा परीक्षेला बसली, आणि तुम्ही लिहिता ‘मन लावत नाही’. नापास झाल्याची शिक्षा म्हणून लग्न लावायचं, हे त्या मुलीवर अन्याय करणारं आहे आणि होणाऱ्या जावयावरही. शिवाय ही तलवार डोक्यावर ठेवून चौथ्यांदा अभ्यास कसा होणार? त्यामुळे तिला समजवायचं काम मी घेणार नाही. बोलायचं आहे ते तुमच्याशी.

बाळंतपणानंतर बीपी उतरतं, हा समज फार पसरलेला आहे आणि धोक्याचा आहे. गरोदरपणात अंगात साठलेलं पाणी बाळंतपणानंतर रक्तात परत येतं आणि तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास बीपी पुन्हा चढतं. नॉर्मल बाळंतीण साधारण ४८ तासांनी घरी जाते, म्हणजे ऐन धोक्याच्या दिवसांत ती घरी असते. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात, पण त्या भेटींचा मुख्य भर बाळावर असतो. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरचे म्हणतात जागरण झालंय. बीपीमुळे येणारा आकडीचा झटका तेव्हाही येऊ शकतो. बाळंतपणानंतर १२ आठवड्यांनीही बीपी चढलेलंच राहिलं, तर तो कायमचा आजार धरतात. ज्यांना गरोदरपणात प्रीएक्लॅम्पसिया (बीपी वाढून मूत्रपिंडासारख्या अवयवांवर ताण येणारा आजार) झाला, त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. तुमच्या घरातली ती गोळी हेच सांगते आहे. मुलीच्या आईची साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन या महिन्यातच तपासून घ्या.

‘गोळ्या आहेतच’ म्हणता, पण कोणती आधी द्यायची हे कुणीतरी तपासलं म्हणून कळलं. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत अतितीव्र बीपी असलेल्या ८९४ गरोदर बायकांवर तीन स्वस्त, तोंडाने घ्यायच्या औषधांची तुलना झाली. निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सहा तासांत, कुठलाही गंभीर त्रास न होता बीपी आटोक्यात आलं ते निफेडिपिनने ८४ टक्के, लॅबेटॅलॉलने ७७ आणि मिथाइलडोपाने ७६ टक्के बायकांत. तिन्ही औषधं कामाची ठरली. शिरेतून औषध देऊन सतत नजर ठेवायला माणसं नसलेल्या वॉर्डासाठी हे मोलाचं उत्तर आहे.

बाळंतपणानंतरचे प्रश्न मात्र अजून पडून आहेत. अंगावर पाजणाऱ्या आईला कोणतं औषध सर्वांत चांगलं? डोस कधी आणि किती झपाट्याने उतरवायचा? ऑक्सफर्डच्या २०२३ च्या अभ्यासात २२० बायकांपैकी निम्म्यांनी घरी बीपी मोजलं आणि डॉक्टरांनी त्यावरून डोस बदलले. नऊ महिन्यांनी त्यांचं खालचं बीपी इतरांपेक्षा सुमारे सहाने कमी होतं. आपल्याकडे हे जमेल का? पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते, दीड-दोन महिन्यांनी सासरी परतते, कागदावर नंबर नवऱ्याचा. पाठपुरावा तिथेच तुटतो. माहेर आणि सासर असे दोन पत्ते, दोन नंबर घ्यायचे हे नर्सला लगेच सुचतं.

मोजण्याचंही तेच. पाच मिनिटं शांत बसवून, पाठीला टेका, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, दंडाला बांधायचा पट्टा, म्हणजे कफ, दंडाच्या मापाचा. लहान कफ आकडा फुगवून दाखवतो. मोठी चूक मात्र नोंदीत होते : १४४ चं १४० आणि १३८ चं १३० लिहायची सवय. शिवाय काही डिजिटल यंत्रं प्रीएक्लॅम्पसियात बीपी कमी दाखवतात, म्हणून गरोदर बायकांवर पारखलेलंच यंत्र लागतं. हे सगळं हातात बसलेली नर्स नसेल, तर मोठमोठ्या डॉक्टरांचा अभ्यासही वाया जातो.

आता कटू भाग. प्रकल्पाची नोकरी कंत्राटी असते. निधी संपला की नोकरी संपते. पगारही सरकारी नर्सिंग ऑफिसरपेक्षा बहुधा कमी. मुलाखतीत करार किती महिन्यांचा, गावोगाव फिरण्याचा खर्च कोण देणार आणि रात्री-अपरात्री फोन कोण घेणार, हे तिने विचारलंच पाहिजे. ‘क्लिनिकल रिसर्च’चा डिप्लोमा आणि शंभर टक्के नोकरी, अशा जाहिरातींवर लाख रुपये घालू नका. जीसीपीचं, म्हणजे रुग्णांवरचं संशोधन नीट करण्याच्या नियमांचं प्रशिक्षण, एक्सेल आणि संमतीपत्र मराठीत नीट समजावता येणं, एवढ्यावर सुरुवात होते. मुंबईत परळची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) प्रजनन आरोग्य संस्था आणि पुण्याचं केईएम रिसर्च सेंटर यांच्या भरतीच्या जाहिराती तिने बघत राहाव्यात. एमपीएच वर्षभर प्रकल्पात काम केल्यावर. नॉरसेट तिला स्वतःला द्यायची असेल तर द्यावी. सरकारी नोकरीत राहून एमएस्सी नर्सिंगचा प्रबंधही याच विषयावर करता येतो.

पुढचं पत्र मुलीने स्वतः लिहावं. प्रसूतिगृहात बीपी असलेल्या बाळंतिणींना सुट्टी देताना काय सांगतात आणि त्यांतल्या किती जणी पुन्हा तपासायला येतात, ते तिने त्यात लिहावं. त्यावरून तिचा पहिला अभ्यास कसा आखायचा ते मी सांगेन.